चार गळे आणि एक डफ

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे वाढवून लिहून दिले आहे.)





मला 'विद्यार्थी आणि कला' असा विषय देण्यात आला आहे. विषय भारदस्त आहे आणि माझा अधिकार बेताचा. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवणारा शिक्षक. म्हणून मी या मोठ्या घरातली एकच लहानशी खोली आपणांस दाखवणार आहे. चार-पाच माणसांचा गाण्याचा संच. हाती एखादा डफ, एखादे तुणतुणे, नाहीतर ढोलकी. विजेची तार नाही, ध्वनिक्षेपक नाही. एवढाच माझा विषय आहे.

हा विषय मला पुस्तकात सापडला नाही, आपल्याच सभागृहात सापडला. मागच्या स्नेहसंमेलनाची आठवण आपल्यापैकी पुष्कळांना असेल. सातवीच्या मुलांचा सिनेमातल्या गाण्यावर कार्यक्रम चालू होता आणि मध्येच वीज गेली. आपल्या गावात वीज जाणे ही काही बातमी नव्हे. पण गाणे अर्ध्यावर तुटले आणि रंगीत कपडे घातलेली आठ मुले हात वर करून तशीच उभी राहिली. नाचावे तर गाणे नाही, आत जावे तर कुणी सांगत नाही. जनरेटरवाल्याला शोधायला माणूस धावला. मागच्या रांगांत शिट्ट्या सुरू झाल्या. मी पडद्याशी उभा होतो आणि मला घाम फुटला होता.

तेवढ्यात नववीतल्या एका मुलाने पाण्याची रिकामी बादली उपडी घातली आणि तिच्यावर ठेका धरला. दुसऱ्याने चहाचे दोन चमचे उचलले. तिसऱ्याने आणि चौथ्याने नुसत्या टाळ्या दिल्या. बादलीवाला गाऊ लागला. ती कजरी होती. श्रावणात झोक्यावर बसून बायका गातात ते गाणे. त्याचे वडील आजमगढकडचे, रात्रपाळीला यंत्रमाग चालवतात. आई घरात कांड्या भरते. आईच्या तोंडून ऐकलेले गाणे तो गात होता. आवाज फुटण्याच्या वयातला, मधूनच चिरका होणारा. पण शिट्ट्या थांबल्या. मागचे लोक उठून पुढे आले, कारण मागे नीट ऐकू येत नव्हते. पाच-सात मिनिटांनी वीज आली तेव्हा काही पालकांनी "आधी हे पुरे होऊ द्या" असे ओरडून सांगितले. त्या दिवशीचे बाकीचे कार्यक्रम कोणते होते ते मला यादी पाहून सांगावे लागेल. बादलीचे गाणे मात्र अजून शिक्षकांच्या खोलीत निघते.

यापुढची गोष्ट आपणांस ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी तो मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. मला वाटले, शाबासकी घ्यायला आला असेल. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, आमच्या घरी सांगू नका. अब्बा म्हणतील, शाळेत गावाकडचं गाणं गाऊन आमची इज्जत घालवलीस."

आईचे गाणे म्याँवरच्या चोरीसारखे लपवावे लागते, हे मला फार लागले. त्या रात्री मी ज्यांचा विचार करीत बसलो, त्या एका माणसाविषयी आता सांगतो.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे 1916 साली एका गरीब मुसलमान घरात महबूब हुसेन पटेल या मुलाचा जन्म झाला. आई मुनेरबी जात्यावर दळताना ओव्या गाई. मुलाच्या कानावर पहिली मराठी कविता पडली ती तिथे. शाळा फार झाली नाही. पोटासाठी त्याने मोटारीवर क्लीनरचे काम केले, गिरणीत काम केले, बार्शीच्या गिरणी कामगारांच्या लढ्यात उतरला आणि विसापूरच्या तुरुंगातही जाऊन आला. पुढे हाच मुलगा शाहीर अमर शेख या नावाने साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाला. आपली मुले दहावीपर्यंत मराठी शिकतात. पण मी वर्गात विचारले तेव्हा चाळीस मुलांपैकी एकाच्याही कानावर हे नाव पडले नव्हते. दोष मुलांचा नाही. मीही त्यांना सांगितले नव्हते.

1940 नंतरच्या त्या दशकात मुंबईत अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि दत्ता गव्हाणकर या तिघांनी मिळून लाल बावटा कलापथक उभे केले. अमर शेख बार्शीचे, तर अण्णा भाऊ सांगली भागातल्या वाटेगावचे, मांग समाजातले. तिघेही पोटामागे फिरून मुंबईच्या कामगार वस्तीत पोहोचलेले. त्यांची राजकीय मते आपणांस पटोत वा न पटोत, तो आजचा विषय नाही. मला त्यांच्या संचाची रचना आपल्यासमोर ठेवायची आहे.

शाहिरी संचात मुख्य शाहीर डफ घेऊन पुढे उभा राहतो. डफ म्हणजे लाकडी कड्यावर ताणून बसवलेले कातडे. हवा दमट असली की ते सैल पडते. मग विस्तवावर शेकून घ्यावे लागते. पावसाळ्यात भिवंडीत डफ वाजवायचा तर शेगडी जवळ हवीच! शाहिराच्या मागे तुणतुणेवाला. तुणतुण्याला तार एकच. एका पोकळ लाकडी नळकांड्याला खालून कातडे लावलेले असते. त्यातून निघालेली तार बाजूच्या काठीच्या खुंटीला बांधतात आणि लहानशा काडीने छेडतात. त्यातून राग निघत नाही, गत निघत नाही. एकच सूर सतत टुणटुणत राहतो. पण तो थांबला की शाहीर भरकटतो. तिसरा झांज किंवा मंजिरी धरतो. आणि मागचे हे सारे मिळून झील धरतात, म्हणजे शाहिराची ओळ संपता संपता 'जी जी' म्हणत ती उचलून घेतात. त्यांना झीलकरी म्हणतात. झील धरली गेली नाही तर शाहिराला श्वास घ्यायला उसंत मिळत नाही आणि ऐकणाऱ्याला ओळ मनात मुरवायला वेळ मिळत नाही. चार माणसांच्या कामाची इतकी नेटकी वाटणी मी एखाद्या कारखान्यातही पाहिलेली नाही.

आणि एवढ्याशा सामानावर त्यांनी काय काय पेलले पहा! अण्णा भाऊंची शाळा एक-दोन दिवसांपलीकडे झाली नव्हती. त्यांनी रशियातल्या स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या माणसाने, जे शहर त्याने पाहिले नव्हते त्याचा पोवाडा तुणतुण्यावर गायला. पुढे 1961 साली ते प्रत्यक्ष रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर पुस्तकही लिहिले. बंगालमध्ये 1943 साली दुष्काळाने माणसे मरत होती, तेव्हा त्यावरही त्यांनी रचना केली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णा भाऊंची मैनेची लावणी अमर शेखांच्या पहाडी आवाजात गावोगाव पोहोचली. बेळगाव, कारवारचे दुःख त्यांनी बायकोच्या विरहात गुंफले होते, म्हणून ते नकाशा न पाहिलेल्या माणसालाही कळले.

अमर शेख 1969 च्या ऑगस्टमध्ये इंदापूरजवळ अपघातात गेले. त्यापूर्वी महिना-सव्वा महिना आधी, जुलैत, अण्णा भाऊ गेले होते.

कुणी म्हणेल, एक अमर शेख झाले, तो अपवाद. तसे नाही. उत्तर पेशवाईतील नामांकित लावणीकारांत होनाजी बाळा, राम जोशी, प्रभाकर यांच्या जोडीने सगनभाऊचे नाव घेतात. हा सगनभाऊ जातीने शिकलगार, धर्माने मुसलमान, मूळचा जेजुरीचा. हत्यारांना धार लावणाऱ्या घरातला हा माणूस मराठीतल्या उत्तम लावण्या लिहून गेला. आणि आंध्रात पहा. आपल्या पद्मानगर भागातल्या तेलुगू शेजाऱ्यांना विचाराल तर ते बुर्रकथेचे नाव सांगतील. तीन माणसांचा खेळ. मधला तंबुरा खांद्यावर घेऊन कथा सांगतो आणि बोटातल्या कड्याने ताल धरतो. दोन्ही बाजूंचे दोघे लहान ढोलकी वाजवतात. त्यांतला एक विनोद करतो आणि दुसरा कथेतला राजकीय अर्थ उलगडून सांगतो. या बुर्रकथेला विसाव्या शतकात घरोघर पोहोचवणारा कलावंत कोण? गुंटूर जिल्ह्यातले शेख नाझर. गरीब मुसलमान घरातला हा माणूस तेलुगूत गायला आणि 1986 साली त्याला पद्मश्री मिळाली. बार्शीच्या शेखाने मराठीत आणि गुंटूरच्या शेखाने तेलुगूत, दोघांनी एकाच काळात, जवळजवळ तितक्याच माणसांना आणि तितक्याच वाद्यांना हाताशी धरून हे काम केले.

आता मी आपणांस थोडे लांब, अमेरिकेला नेतो. कारण एवढेच की तिथल्या संचाचे नाव ऐकून भिवंडीकराचे कान टवकारतील. 1948 साली न्यूयॉर्क शहरात चौघांनी एक गाणारा संच काढला. पीट सीगर, ली हेज, फ्रेड हेलरमन आणि रॉनी गिल्बर्ट ही बाई. वाद्ये म्हणजे एक बांजो आणि एक गिटार. त्यांनी नाव ठेवले 'वीव्हर्स', म्हणजे विणकर! त्यांच्या घरी माग नव्हते. जर्मनीतल्या सायलेशिया प्रांतात 1844 साली उपाशी विणकरांनी उठाव केला होता. त्यावर गेर्हार्ट हाउप्टमान या नाटककाराने 'विणकर' नावाचे नाटक लिहिले. त्या नाटकावरून यांनी नाव घेतले. म्हणजे हातमागावरच्या माणसाचे दुःख एका देशातून नाटकात गेले आणि नाटकातून दुसऱ्या देशातल्या गाणाऱ्यांच्या नावात येऊन बसले.

हे चौघे देशोदेशीची लोकगीते गात. काळ्या कैद्याने रचलेले गाणे, आयर्लंडची चाल, इस्रायलकडचे नाचाचे गाणे, आफ्रिकेतले शिकारीचे गाणे. 1950 साली त्यांचे एक गाणे अमेरिकेत तेरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. मग ज्याला तिथे काळी यादी म्हणतात तिच्यात त्यांची नावे गेली. ते कम्युनिस्ट आहेत असा आरोप झाला, कार्यक्रम बंद पडले, रेडिओ बंद झाला, आणि संच मोडला. 1955 च्या नाताळच्या आदल्या रात्री ते न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पुन्हा एकत्र गायले आणि सभागृह भरून गेले. काळी यादी करणाऱ्यांची नावे आज कुणाला आठवत नाहीत, चौघांची आठवतात. आता चौघांपैकी कुणीही हयात नाही. शेवटचे फ्रेड हेलरमन 2016 साली गेले.

पण या गोष्टीची एक काळी बाजू आहे आणि ती मी मुद्दाम सांगतो, कारण ती आपल्या कामाची आहे. ते शिकारीचे म्हणून जे गाणे, ते दक्षिण आफ्रिकेतल्या सॉलोमन लिंडा या झुलू गायकाचे. त्याने आपल्या सोबत्यांबरोबर 1939 साली जोहान्सबर्गमध्ये ते ध्वनिमुद्रित केले. त्याचे मूळ शब्द सीगरला तबकडीवरून नीट कळले नाहीत. जसे ऐकू आले तसे त्याने उतरवले आणि तो चुकीचा ऐकलेला शब्दच जगभर गाजला. गाणे जगभर गेले, सिनेमात गेले, त्यावर लोकांनी अमाप पैसा मिळवला. लिंडाने मात्र आपले हक्क दहा शिलिंगला विकलेले होते. तो 1962 साली दारिद्र्यात मेला. त्याच्या मुलींना थोडाफार न्याय मिळायला 2006 साल उजाडावे लागले. सीगर हा भला माणूस होता, त्याने लबाडी केली असे मी म्हणत नाही. पण गाणे घेताना ते देणाऱ्याचे नाव, गाव आणि शब्द नीट लिहून घेतले नाहीत तर काय होते, ते यावरून कळते.

विद्यार्थी मित्रांनो, वाद्ये तर माणसांहूनही जास्त फिरतात. आपल्या लग्नाच्या वरातीत आपण ज्याला बेंजो म्हणतो, ज्यावरून सगळ्या पार्टीलाच बेंजो पार्टी म्हणतात, तो अमेरिकेचा बांजो नव्हे. अमेरिकेचा बांजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर गेला. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. टाइपरायटरसारखी बटणे दाबून तारा वाजवायच्या. त्याचे मूळ जपानमध्ये आहे. नागोया शहरात 1912 साली तसे वाद्य तयार झाले आणि व्यापाराच्या वाटेने ते आपल्याकडे येऊन कव्वालीच्या पार्टीत बसले. आता वरातीत पुष्कळदा बुलबुलतरंगही नसतो, विजेवरची पेटी असते. नाव मात्र बेंजो पार्टीच! तुर्कस्तानातल्या आशिक वेसेल या आंधळ्या खेडुताच्या हाती लांब दांड्याचे साज होते. देवीच्या रोगात लहानपणीच त्याचे डोळे गेले. बापाने मन रमावे म्हणून ते वाद्य आणून दिले. 1973 साली तो वारला तेव्हा सारा देश त्याची गाणी म्हणत होता. पश्चिम आफ्रिकेत अर्ध्या भोपळ्यावर कातडे ताणून एकवीस तारांचा कोरा करतात आणि घराण्याचा इतिहास त्यावर गातात. भोपळा म्हटल्यावर आपल्या जिल्ह्याची आठवण येणारच. जव्हार-डहाणूकडचा वारली माणूस वाळलेल्या भोपळ्याचाच तारपा करतो आणि त्याच्या सुरावर रात्रभर नाचतो. पालघर वेगळा जिल्हा होईपर्यंत तो आपल्याच जिल्ह्यातला होता.

हे सगळे मी वाचले आणि मग माझ्या मनात आले की, जगाची लोकगीते ऐकायला न्यूयॉर्कला कशाला जायला हवे? निजामपुऱ्याच्या नाक्यावरून एक तास चालले तर पुरे. इथल्या जुन्या कोकणी मुसलमान घरांत बायका मराठीच्या कोकणी बोलीत लग्नाची गाणी गातात. 1857 नंतर उत्तरेकडून जे मोमीन विणकर पोटासाठी इकडे आले त्यांच्या घरांत कजरी आहे, सोहर आहे. पद्मशाली विणकरांच्या वस्तीत तेलुगू गाणी आहेत. खाडीच्या बाजूच्या गावांत आगरी बायका हळदीला धवले गातात. या सगळ्यांच्या भिंतीला भिंत आहे. पण एकाचे गाणे दुसऱ्याने ऐकलेले नाही, कारण मध्ये यंत्रमागाचा खडखडाट आहे, आणि आता भिंतीएवढे ध्वनिवर्धकही आहेत. लग्नघरात बायका गायला बसल्या की कुणी तरी मुलगा ती पेटी चालू करतो आणि बायका गप्प होतात. मी स्वतः हे तीन लग्नांत पाहिले आहे.

गाण्या-बजावण्याविषयी आपल्यात मतभेद आहेत हे मला माहीत आहे. काही पालकांनी मला थेट विचारले आणि विचारले हे बरेच केले. मी आलिम नाही. मी मराठीचा शिक्षक आहे. निकाहाची वार्ता जाहीर व्हावी म्हणून दफ वाजवण्याचा उल्लेख आपण सर्वांनी ऐकला आहे, आणि कोकणात रिफाई रातीबात दफ किती जुना आहे तेही आपण जाणता. त्यापलीकडे मी वाद घालणार नाही. ज्या घरी नको असेल त्या घरच्या मुलाला मी ढोलकीजवळ बसवणार नाही. पण त्या मुलाने आपल्या दादीकडून शब्द लिहून आणायला हरकत नसावी. भाषेचा गृहपाठ म्हणून तरी.

आता जे सांगायचे ते सांगणे मला सोपे नाही.

बादलीच्या प्रसंगानंतर मी एक वही घातली. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, माझ्या नानीला खूप गाणी येतात." आम्ही गेलो. जुने लाकडी घर, माडी, खाली अंधारा ओटा. नानी ऐंशीच्या पुढची. मी खिशातून मोबाइल काढला तेव्हा ती एकदम गप्प झाली. म्हणाली, "माझा आवाज त्या डबीत नको. कुठं कुठं जाईल." हट्ट करण्यासारखी गोष्ट नव्हती, तिच्या मर्यादेचा तो प्रश्न होता. मी मोबाइल बंद करून दाराबाहेर ठेवला. मग ती परातीवर बोटांनी ठेका धरून गायली. एका ओळीनंतर थांबली आणि नातीला म्हणाली, "तू उचल ना! मी एकटी किती ओढू?" मला झीलकरी आठवले. नानीला तो शब्द माहीत नव्हता, काम माहीत होते.

मी शब्द लिहीत होतो. ते पाहून तिने विचारले, "बाळा, गाणं लिहून घेतलंस, चाल कशी लिहिशील?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मला स्वरलेखन येत नाही. नानीनेच तोड काढली. नात रोज संध्याकाळी शेजारी बसेल आणि एकेक गाणे गळ्यात घेईल. मी दर पंधरवड्याने येऊन शब्द तपासावेत. सुरुवात झाली. दोन गाणी मुलीच्या गळ्यात बसली. तिसऱ्याचे शब्द मी लिहून घेतले, आणि मग चाचणी परीक्षा आली. मी त्या मुलीला सांगितले, "गाणे कुठे पळून जात नाही, आधी परीक्षा दे." तिने मानले. ती आज्ञाधारक मुलगी आहे. परीक्षेनंतर पेपर तपासायचे होते, मग दिवाळीची सुट्टी, मग सुट्टीत माझे एक प्रशिक्षण. नोव्हेंबरात एका सकाळी ती मुलगी वर्गात आली नाही. जनाजा जुहरनंतर होता.

नानीला एकंदर किती गाणी येत होती ते मी कधी विचारलेच नाही. तिची सून सांगते, रात्रभर गायल्या तरी एक गाणे पुन्हा येत नसे.

या प्रसंगात दोष माझा आहे आणि मी तो परीक्षेवर ढकलणार नाही. पण पालकहो, हेही आपणांस विचारावेसे वाटते की, आपल्या घरात अशी कुणी असेल तर तिला आपण शेवटचे "गा" असे केव्हा म्हटले होते?

तेव्हापासून दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही खालच्या वर्गात बसतो. सध्या पाच मुले आणि तीन मुली येतात. मुलींच्या माता हव्या तेव्हा येऊन बसतात. त्यांतल्या एकीने आम्हाला सोहर शिकवले. बादलीवाला मुलगा येतो. त्याच्या वडिलांकडे मी स्वतः गेलो होतो. रात्रपाळी करून ते नुकतेच झोपेतून उठले होते. मुलाने सांगितले होते तसे मी इज्जतीचे काही बोललो नाही. एवढेच विचारले की, कजरीत एक शब्द माझ्या मराठी कानाला कळला नाही, तो काय आहे? त्यांनी शब्द सांगितला, मग त्याच्या मागचा-पुढचा अर्थ सांगितला, मग ते गाऊनच दाखवू लागले. मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. बापाला गाता येते हे त्याला त्या दिवशी कळले.

वहीत प्रत्येक गाण्याच्या वर देणाऱ्याचे नाव, मूळ गाव आणि तारीख लिहायची, आणि ज्यांना नाव नको असेल त्यांच्यासाठी 'अमुकची दादी' एवढेच लिहायचे, असा नियम मुलांनीच केला आहे. लिंडाची गोष्ट त्यांना मी सांगितली होती. आमच्याकडे एक ढोलकी आहे, तिचे एका बाजूचे पान फाटले आहे. डफ एका पालकांनी दिला. तुणतुणे अजून मिळालेले नाही. परात, चमचे आणि बादली शाळेचीच आहेत. येत्या संमेलनात ध्वनिक्षेपक न लावता गायचे असे ठरले आहे, तेव्हा आपण कृपया पुढच्या खुर्च्यांवर बसावे.

शेवटी एक विनंती. नानीच्या तिसऱ्या गाण्याचे शब्द आमच्या वहीत आहेत, चाल नाही. नवऱ्याकडची माणसे भाताच्या मचव्यातून खाडीने येतात. ओहोटी लागून मचवा चिखलात रुततो. आणि काठावर उभ्या राहिलेल्या नवरीच्या बहिणी त्यांची चेष्टा करतात, असे ते गाणे आहे. चौदा ओळी आहेत आणि दर दोन ओळींनंतर बहिणी नवऱ्याच्या मामाचे नाव घेतात. कल्याण, पनवेल, महाड किंवा आणखी कुठे आपली नातीगोती असतील, तिथल्या कुणा वडीलधाऱ्या बाईला हे गाणे ठाऊक असेल तर मला कळवावे. मी येईन. मोबाइल बाहेर ठेवीन. ती मुलगी माझ्याबरोबर येईल. ती आता नववीत आहे, आणि परीक्षा असली तरी येईल.